नव्या स्मशानाची फीत

टिटवाळ्याजवळच्या त्या वस्तीत कुणी गेलं, की रेल्वेफाटक ओलांडून पलीकडच्या स्मशानात न्यावं लागायचं. फाटक बंद असलं की तिरडी खांद्यावरच ताटकळायची. “माझी नका हो अशी ताटकळू देऊ,” पोपटकाकांची बायको विमलाबाई म्हणायची. म्हणून काकांनी पालिकेत चपला झिजवल्या, तेव्हा कुठे बजेटमध्ये वस्तीतल्याच स्मशानभूमीची तरतूद झाली.

शेड बांधून झाली, नळाला पाणीसुद्धा आलं. पण उद्घाटनाशिवाय गेटचं कुलूप निघेना, आणि स्मशानाची फीत कापायला एकही पुढारी तयार होईना.

“काका, पहिल्याच टर्मला माझ्या हातून हे नको,” नगरसेवक सर्वेशभाऊ म्हणाले. “साहेबांना विचारतोय ना मी.”

साहेबांचा होकार यायच्या आधीच विमलाबाई गेली. तिरडी त्या कुलपासमोरून पुढे निघाली आणि फाटकाशी येऊन थांबली. गाडी अजून यायची होती. पुढे चालणारे सर्वेशभाऊ मागे आले, आणि त्यांनी काकांचा हात आपल्या हातात घेतला.



“काका, काही लागलं तर हक्काने सांगा.”