कोड्याचा विषय

१९९५ साल. गाझियाबादच्या नव्या फ्लॅटमध्ये पुण्याचं वर्तमानपत्र टपालाने दोन दिवस उशिरा यायचं आणि राजाभाऊ आधी त्यातल्या निनावी शब्दकोड्यावर तुटून पडायचे. "काय डोकं आहे या माणसाचं! नीला, तुला नाही हं जमायचं हे," असं बायकोला रोज ऐकवायचे. नीला ऐकून घ्यायची.

आजच्या कोड्याचा विषय होता 'एका नवऱ्याच्या सवयी'. ओला टॉवेल, उष्टं ताट, टोमणे, घोरणं... राजाभाऊ हसत हसत चौकोन भरत गेले. शेवटी त्या नवऱ्याचं राहतं गाव विचारलं होतं. 'गाझियाबाद' चपखल बसलं, तसं त्यांनी चमकून वर पाहिलं.

 

समोर नीला पट्टीने नवे चौकोन आखत होती. "दुसरं रचतेय, अहो. एकात मावल्या नाहीत तुमच्या सवयी."