सूर्यभानचं नाव

"वाचा नं गुर्जी, काय म्हनते अमेरिका?"

खुशालरावांनी पाकीट पुढे केलं. बार्शीटाकळीहून अकोला, अकोल्याहून अमरावती, बंडीच्या आतल्या खिशात छातीशी धरून आणलेलं. घामानं मऊ पडलं होतं. गोपाळकृष्ण मास्तरांनी चष्मा लावला. मोजक्या ओळी होत्या, पण वाचायला त्यांना फार वेळ लागला.

"व्हिसा देत नाही म्हणतात."

"ते तं पोरानंबी सांगतलं. काहून देत नाही, ते लिवलं का?"

"कारण नाही लिहिलेलं."

सूर्यभान बापाशेजारी मान खाली घालून बसला होता. मास्तरांचा शाळेतला विद्यार्थी, यंदा बी.एस्सी.ला पहिला आलेला. अमेरिकेतल्या एका शेतकी कॉलेजानं त्याला कपाशीच्या वाणांचा अभ्यास करायला बोलावलं होतं, फी माफ करून. सप्टेंबरात हजर झाला नाही तर जागा दुसऱ्याला. एकोणसाठ सालचा जुलै अर्धा सरला होता.

"मला तोंडी कळलं, सर," तो म्हणाला. "मुंबईला वकिलातीतला कारकून आपलाच माणूस होता. हळूच म्हणाला, तुझी कम्युनिस्टांत ऊठबस आहे असं तुझ्या अमरावतीहूनच आलंय."

मास्तरांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसत बसले.

याच खोलीत दर रविवारी पोरं जमत. रशियाची पुस्तकं वाचत, चहा ढोसत, जग उलथवून टाकत आणि जेवायच्या वेळेला आपापल्या आईकडे पळत. मोरोपंत वकिलांचा मुलगा येई, डॉक्टरांचा येई, मास्तरांचा हेमचंद्र तर घरातलाच. सूर्यभानला मास्तरांनीच ओढून आणलं होतं. खेड्यातलं पोर, होस्टेलात एकटं पडलेलं. 'ये रे, चार बरी पुस्तकं वाचशील.' तो येई, सतरंजीच्या कडेला बसे, सगळे गेल्यावर कपबशा विसळून ठेवी. तोंडातून शब्द नाही. जग उलथवायचं काम वकिलाच्या मुलाकडे होतं.

"एक सांगा गुर्जी," खुशालराव म्हणाले. "वकिलाचं पोरगं बी इथंच बसे नं? तो तं मागच्या सालीच गेला अमेरिकेत. त्याले कोनी काही इचारलं नाही. मंग आमच्याच पोराले काहून?"

"बाबा, पुरे."

"तू चूप रे. मी भांडून नाही राहिलो, इचारून राहिलो."

"चूक माझी आहे, खुशालराव. मी त्याला या खोलीत आणायला नको होतं."

"असं काहून बोलता? तुमी होते म्हनून पोरगं मानसात आलं."

आणि त्या साठीच्या माणसानं वाकून मास्तरांच्या पायाला हात लावला. मास्तरांनी पाय झटकन मागे ओढले, पोळल्यासारखे. मास्तरांच्या पत्नी गोदावरीबाई चहा घेऊन येत होत्या, त्या दारातच थबकल्या. खुशालरावांनी आणलेला तुपाचा डबा कोपऱ्यात होता. मास्तरांना तिकडे बघवेना.

मग ते उत्तर लिहायला बसले, इंग्रजीत. मुलगा सालस आहे, कुठल्याही पक्षात नाही, शिकून आपल्याच मातीत परत येईल.

"त्यात लिवा गुर्जी, का कम्युनिस्ट म्हंजे काय ते त्याच्या बापाले अजून समजलं नाही."

"असं नसतं लिहायचं."

"काहून? खरं हाये नं?"

सूर्यभान हसला. त्या दिवसात पहिल्यांदाच. मग म्हणाला, "पण सर, नुसत्या कागदानं काय होणार? इथून गेलेली गोष्ट इथूनच खोडली पाहिजे."

मास्तरांनी टाक खाली ठेवला. "मी जातो. कँपातल्या साहेबाला भेटतो."

"नको, सर. पोलिसांचं खातं ते. तुमच्यावरच डूख धरतील. नोकरी जाईल."

"जाऊ दे."

गोदावरीबाई आत गेल्या. टोपी तेवढी आणून दिली.

खुशालराव हट्टानं बरोबर आले. कँपातल्या बंगल्याच्या फाटकाबाहेर निंबाखाली उभे राहिले. मास्तर एकटे आत गेले. टेबलामागे साध्या कपड्यातला साहेब पान जुळवत होता.

"बसा."

मास्तर बसले नाहीत. उभ्या उभ्याच बोलले. वर्गात बोलत तसे नाही, मार खाल्लेल्या पोरासारखे. पोरगा निर्दोष आहे. तोंड उघडत नाही. कपबशा विसळतो. त्याचं नाव मागे घ्या. एका कुटुंबाचं आयुष्य आहे.

साहेबानं पान गालात सरकवलं. "इतका चांगला आहे?"

"सोन्यासारखा."

"मग मास्तर, नाव देताना हे का नाही सांगितलंत?"

मास्तर टोपी हातात घेऊन तिची घडी मोडत राहिले.

"तेव्हा तो कुठे जाईल असं वाटलं नव्हतं."

"हरकत नाही. मुंबईला कळवतो, चुकीचा माणूस निघाला. जाईल पोरगा." साहेबानं खिडकीतून बाहेर पिंक टाकली. "पण मग तुमच्या खोलीत येतं तरी कोण? वकिलाचा येत नव्हता असं सांगितलंत, डॉक्टरांचाही नाही. तुमचा हेमचंद्र तर नाहीच नाही. कोणीच येत नसेल, तर मला तुमचा उपयोग काय? आणि माझ्या मेहेरबानीवर टिकलेल्या तुमच्या नोकरीचं तरी काय?"

खिडकीतून फाटक दिसत होतं. खुशालराव बंगल्याकडे तोंड करून हात जोडून उभे होते.

"किसन म्हणून एक आहे," मास्तर म्हणाले. "दर्यापूरकडचा. बाप शेती करतो."