सामानाचं विमान

रजेवर निघालेल्या हवालदार भोईट्यांनी विमानात बसताच बूट काढले आणि समोरच्या ताडपत्री घातलेल्या लांबट पेटीवर पाय पसरले. हवाई दलाचं हे जुनं विमान त्यांच्या ओळखीचं. रॉकेल, बटाटे, पुरातून काढलेली माणसं, काय काय वाहिलं होतं त्यानं!

"मागच्या खेपेला मेंढरं होती," शेजारच्या जवानाला ते हसत म्हणाले. "त्यापेक्षा हे सामान बरं. ओरडत तरी नाही."

जवानानं मान फिरवली.

पुण्यात चाकं टेकली. विमानातला सार्जंट घडी घातलेला तिरंगा घेऊन आला. "दादा, पाय काढा. यांना इथं उतरवायचंय."

भोईट्यांनी झटकन पाय खाली घेतले. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणारा माणूस! ताडकन उठून त्यांनी सलाम ठोकला, पण टाच वाजली नाही. बूट पेटीच्या उशाशी पडले होते.