घंटेला न उठणारी

धाकटी सून घंटेला उठत नव्हती. आज तिसरा दिवस. सासूबाईंनी जेवायला बोलावणारी पितळी घंटा हलवली की घरातलं लहानथोर ताडकन उभं राहायचं. ही बया मात्र जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून ढिम्म.

"एवढं काय जळतंय गं तुझं?"

"आई, बारा वाजता दवाखान्याची चाचणी आहे. वीस गावांहून एक्स-रेचे फोटो एकदम आणायचेत. प्रोग्रॅममध्ये वीस धागे आहेत, वीस गडी समजा. एखाद्याला गावाचा पत्ता सापडायला उशीर झाला की वेळ संपल्याचा त्याचा गजर वाजतो आणि सगळा डोलारा कोसळतो. का, तेच कळत नाही. आज कोसळला तर काम हातचं गेलं."

साडेअकरा वाजले होते.

"उपाशीपोटी कळणार काय, कपाळ?" सासूबाईंनी तिच्या कानाशी घंटा दणाणून सोडली.

सासरे धावत आले, अर्ध्या गालाला साबण. थोरल्याने स्टुलावरून उडी टाकली, हातातला बल्ब खळ्ळकन फुटला. थोरली सून आली आणि तिच्या मागोमाग उतू गेलेल्या दुधाचा वास.

"तुम्हाला कोणी बोलावलं? मी हिला उठवत होते."

"घंटेवर काय नाव लिहिलेलं असतं?" सासरे पुटपुटले.

धाकटीची बोटं थांबली. तिने साबण पाहिला, काचा पाहिल्या.

"आई, हेच होतंय. गजर एकाचा, उठतो भलताच, तोही हातातलं टाकून." ती कळफलकावर तुटून पडली. "घंटाच बंद करते. ज्याने त्याने आपापलं घड्याळ बघायचं."

प्रोग्रॅममध्ये एक ओळ वाढली. बाराच्या ठोक्याला सगळं घर तिच्या खुर्चीमागे उभं. फोटो धडाधड येऊ लागले. सातव्या गावाचा पत्ता काही सापडेना. तो गडी थांबला, वेळ संपली तसा मुकाट मागे फिरला, पुन्हा गेला. बाकी एकोणिसांनी मानही वर केली नाही. शेवटी सातव्या गावातली कुणाचीतरी छाती, बरगड्यांसकट, पडद्यावर उजळली. पाठोपाठ दवाखान्याचा निरोप आला: काम तुमचंच.

सासूबाईंनी ओटा पुसला. काचा वेचल्या. घंटा फडक्यात गुंडाळून फडताळात टाकली. मग ताट वाढून स्वतः टेबलाशी नेलं आणि संगणक कोपराने बाजूला सारला.

"तीन दिवस तुला बहिरी म्हणत होते," त्या म्हणाल्या. "एवढ्या घरात हातातलं काम न टाकणारी तू एकटीच निघालीस. जेव आता, निवतंय."