गुरुवारचा ग्लास

“कडूच हवंय, पण चांगलं कडू,” काकू म्हणाल्या. दारूच्या दुकानात पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं, तरी आवाज भाजी निवडताना असतो तसाच.

काउंटरवरच्या मुलीनं हसू दाबत तीन बाटल्या पुढ्यात ठेवल्या. “नेग्रोनी कॉकटेल ना? जिन, हे लाल, कडू बिटर आणि हे गोडसर वरमूथ. तिन्ही सारखी. वर मोठा बर्फ आणि संत्र्याची साल. संपलं.”

“एवढंच? मग हॉटेलवाले कसला एवढा भाव खातात?”

काकूंना छडा लावायचा होता. काका दर गुरुवारी संध्याकाळी इस्त्रीचा शर्ट घालून चौकातल्या हॉटेलात जात, एकच ग्लास घेत आणि दोन तासांनी इतके खुलून परत येत की काकूंना घोर लागे. आधी त्यांना वाटलं, कुणीतरी भेटत असणार. म्हणून त्या हॉटेलात जाऊन विचारून आल्या. तिथला बारवाला म्हणाला, एकटेच बसतात, नेग्रोनी घेतात. आता एकच संशयित उरला होता, तो म्हणजे तो लाल ग्लास. कँटीनमध्ये अख्ख्या शाळेला आपण खाऊ घालतो आणि आपला नवरा खुलतो तो परक्याच्या हातच्या पाण्यानं, हे काकूंना मनापासून लागलं होतं.

“वास घेऊ का गं?”

मुलीनं जिनच्या तीन जाती उघडून दिल्या. पहिलीला दवाखान्याच्या जिन्याचा वास होता. दुसरी नुसतीच लिंबाची. तिसरीला नव्या लाकडी पेटीचा वास होता, आणि काकूंनी ती पुन्हा पुन्हा हुंगली. “ही दे. वरमूथ उघडल्यावर कुठे ठेवायचं?”

“फ्रिजमध्ये. वाइनच ती. फडताळात ठेवलीत तर चव मरते.”

काकूंनी मान डोलावली. ही मुलगी कँटीनमध्ये टिकली असती. मग त्यांनी चमचाभर लाल बिटर तोंडात घेतलं, आणि दोन्ही डोळे मिटले.

“अगं बाई! हे विकत घेऊन पितात?”

“सवय लागते, काकू.”

“सवय कशाचीही लागते. मला लग्नाची लागली.”

संध्याकाळी काका बूट घालायला वाकले, तेवढ्यात काकू म्हणाल्या, “अहो, आज जाऊ नका. इथं बसा.” हेडमास्तरांनी बोलावल्यासारखे काका स्वयंपाकघरातल्या खुर्चीत टेकले. टेबलावरच्या बाटल्या पाहून त्यांच्या भुवया वर गेल्या.

काकूंनी तिन्ही सारखी मोजून घातली, ढवळली आणि कँटीनच्या शिरस्त्याप्रमाणे थेंबभर तळहातावर घेऊन चाटली. कडू! इतका कडू पदार्थ त्यांच्या हातून आजवर कुणाच्या पानात गेला नव्हता. हात आपोआप वरमूथकडे वळला. आणखी थोडं. मग चिमूटभर मीठ, कारण मिठानं कडूपणा दबतो. मग चमचाभर साखरेचा पाक. पुन्हा चाटून पाहिलं, आणि आता कुठे त्यांचा चेहरा सैल झाला. बर्फ घालून, संत्र्याची साल पिळून त्यांनी ग्लास काकांसमोर ठेवला आणि पदर खोचून समोरच उभ्या राहिल्या.

काकांनी घोट घेतला. “वा!” दुसरा घेतला. तिसऱ्यात ग्लास रिकामा झाला.

“तिथल्यापेक्षा चांगला?”

“कितीतरी. सरबतासारखा उतरला.”

काकूंना आभाळ ठेंगणं झालं. “मग आता तिकडे जायचं काही कारणच उरलं नाही.”

काका बर्फाकडे बघत राहिले. ग्लास त्यांनी हातातून खाली ठेवला नव्हता.

“झालं ना पिऊन?” काकूंनी ओट्यावरची साल उचलली. “मग बसलाच आहात तर माळ्यावरचं मोठं पातेलं काढून द्या. आणि स्टूल काढालच तर तो दिवाही बघा, लुकलुकतोय.”

काका लगेच उठले. स्टूलावर चढले, पातेल्याला हात घातला आणि माळ्याकडे तोंड करूनच म्हणाले, “तिथला फार कडू असतो गं. आवडतो असं नाही. पण पटकन पिता येत नाही. आणि ग्लासात आहे तोवर कुणी उठवत नाही.”

तक्रारीचा सूर नव्हता. पावसाची बातमी सांगावी तसं सांगितलं. या घरात हा माणूस स्वस्थ बसलेला आपण शेवटचा कधी पाहिला, ते काकूंना काही केल्या आठवेना.

“खाली या,” त्या म्हणाल्या.

“पातेलं?”

“राहू द्या ते.”

काका उतरून गोंधळलेले उभे राहिले. काकूंनी ग्लास विसळला, नवा बर्फ घातला आणि तिन्ही बाटल्यांतून सारखं मोजून ओतलं. चाखून पाहिलं नाही. मिठाचा डबा हाताशी होता, तो त्यांनी कोपरानं लांब सरकवला.

“कडू झालाय हं,” ग्लास ठेवत त्या म्हणाल्या आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या.

काकांनी इवलासा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पाठ खुर्चीला टेकली. काकूंचं तोंड दोनदा उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी शब्द गिळला.

अंधार पडल्यावर दिवा लावायला काकू उठल्या. ग्लास अजून अर्धा होता.