तुसाची ऊब

भाताच्या तुसापासून गॅस करून गावाला वीज देणारं ते यंत्र पूर्णिमाने स्वतः आखलं होतं. गळालेला गॅस माणसाला झोपेतच मारतो, म्हणून इंजिनाच्या खोलीची एक बाजू तिने मुद्दाम उघडी ठेवली होती. चंपारणातल्या त्या गावाला हे सांगून सांगून तिचा घसा बसला होता. आणि आज पौषातल्या धुक्यात येऊन बघते, तर उघड्या बाजूला पोत्यांचा जाड पडदा गच्च बांधलेला! आत इंजिनाच्या उबेला सोनमतिया काकीची बाळंतीण सून बसलेली, कुशीत नुकतं जन्मलेलं पोर.

पूर्णिमाने पडदा ओरबाडून काढला, इंजिन बंद केलं आणि दोघांना बाहेर, तिथे उभ्या काकीपाशी आणलं.

"जीव घ्यायचाय का यांचा, काकी? शेकायला घरात मातीची बोरसी, शेगडी नाही?"

काकीचा आवाज तिच्याही वर चढला. "आहे ना! ये, बबुनी, तूच पेटवून दाखव. माझी सगळी पोरं तुसाच्या बोरसीपाशी वाढली. गिरणीवाला टोपलीभर तूस असंच द्यायचा. आता दारात उभं करत नाही मेला. म्हणतो, मूठ न् मूठ बबुनीच्या यंत्राची."

पूर्णिमा काही बोलणार, तोच काकीने थरथरत्या सुनेच्या अंगावर आपली चादर टाकली.

"गावाची सगळी ऊब उचलून तू इथे आणलीस. मग बाळंतिणीला मी दुसरीकडे कुठे नेणार होते?"