वाया न गेलेलं नाव

“बाळाच्या कानात नाव तूच सांग,” पाळण्याला झेंडू बांधता बांधता सासूबाई म्हणाल्या. “शार्दूल.”

अनघाच्या हातातलं हळदीकुंकवाचं ताट तसंच राहिलं. हे नाव त्यांनीच दोन वर्षांपूर्वी ठेवलं होतं, हॉस्पिटलात गोठवून ठेवलेल्या अनघाच्या गर्भाला. “आमचा शार्दूल गारठला असेल गं तिथे,” असं त्या भाजीवालीलासुद्धा सांगायच्या. मग धाकट्या जावेला मुलगा झाला आणि शार्दूलच्या नुसत्या पेशी झाल्या. “टिंबाएवढ्या पेशी त्या. किती वर्षं सांभाळणार? आता घरात बाळ आलंय ना?” सासूबाईच म्हणाल्या. परवा नवऱ्याने हॉस्पिटलच्या कागदावर सही केली, त्याच्या मागोमाग तिनेही केली. हॉस्पिटलने तो गर्भ नष्ट केला.

“आई, दुसरं नाव नाही का?” तिने हळूच विचारलं.

“चांगलं नाव वाया कशाला घालवायचं? मोठी म्हणून मान देतेय तुला, तो घे. सगळ्या खोळंबल्यात.”

पाळणा म्हणायला बायका खरंच थांबल्या होत्या. अनघाने ताट खाली ठेवलं.

“मला पाळण्याला शिवता येणार नाही. सुतक आहे.”

“अगंबाई, कोण गेलं?” जावेच्या आईने विचारलं. सासूबाईंनी डोळे वटारले.

“शार्दूल,” अनघा म्हणाली. “आणि सुतक मला एकटीला नाही. सगळ्या घराला आहे.”

जावेने वाकून बाळाला उचललं, पदराखाली झाकलं आणि अनघाकडे न बघता ती आत निघून गेली.